ब्रशांची ताटली

त्याचं खरं नाव वीजबिलावर होतं आणि आता दवाखान्याच्या कागदांवरही आलं होतं. एरवी अख्खी गल्ली त्याला भिंगरी म्हणायची. पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ असतात, पण याची भिंगरी नुसती पायाला नव्हती. ती हातांना होती, जिभेला होती आणि बहुतेक डोक्यातही तीच फिरत असावी. चहा तो उभ्यानं प्यायचा. जेवताना मध्येच उठायचा, कारखान्यात जाऊन पाईपवर खडूची एक रेघ मारून यायचा आणि मग उरलेलं जेवायचा. लग्नाच्या फोटोत बाकी सगळं स्पष्ट आहे, फक्त याचा डावा हात हलल्यामुळे धूसर आलाय. शेजारी बायको मात्र इतकी निवांत उभी आहे की फोटो तिच्या एकटीचाच काढला असावा असं वाटतं.

असा माणूस नऊ आठवडे घरात बसून होता. बसून म्हणजे पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत. डावं मनगट पट्टीत, गालापासून हनुवटीपर्यंत लालसर व्रण आणि डॉक्टरांची ताकीद, की या हातानं तीन महिने काही घट्ट धरायचं नाही. धरणार तरी काय? बोटं वाकायची, पण मूठ मिटायची नाही. दिवसातून तीनदा दाबायला म्हणून त्याला एक मऊ चेंडू दिला होता. हा तीनदाच्या जागी तीसदा दाबायचा, आणि तरी मूठ मिटली नाही की चेंडू भिंतीवर फेकायचा, आणि मग पलंगाखाली वाकून तो शोधत बसायचा.

घर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच दार होतं. अलीकडे स्वयंपाकघर, पलीकडे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये तो लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्यांचे कठडे बनवायचा. कापणं आणि जोडणं त्याचं, घासणं आणि रंगवणं बायकोचं. अकरा वर्षं असंच चाललं होतं. रंगाचा डबा उघडण्याआधी ती फाटकाभोवती एक फेरी मारायची आणि जिथं जोड कच्चा राहिला असेल तिथं नखानं टकटक करायची. मग हा भडकायचा, तुला काय कळतं म्हणायचा, आणि गुपचूप तो जोड पुन्हा भरून द्यायचा. एखादं गिऱ्हाईक म्हणालं की तुमचं फाटक अजून गंजलं नाही बुवा, तर हा छाती काढून सांगायचा की आम्ही माल चांगला वापरतो. त्यात बायकोचं नाव घ्यायला त्याला कधी सवड झाली नाही.

अपघात अगदी साधा होता, आणि तेच त्याला आतून खात होतं. बालवाडीचं फाटक करायला घेतलं होतं. चौकोनी पाईप शिकंज्यात आवळलेला, त्याचं तीन हात लांब टोक बाहेर आणि कापायची रेघ त्या बाहेरच्या भागावर. टोक तुटून फरशीवर आपटलं की कडेला पोचा येतो, म्हणून त्यानं बायकोला हाक मारली. टोक धर, एवढंच म्हणाला. तिनं ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि टोक धरलं. ग्राइंडरची चकती पाईपात उतरली, ठिणग्या उडाल्या, वरची बाजू कापली, दोन्ही अंगं कापली आणि टोक खाली झुकायला लागलं.

आता हातातली वस्तू खाली जायला लागली की माणूस काय करतो? वर उचलतो. तिनंही उचलली. पाईपाचं टोक वर गेल्याबरोबर कापाचं तोंड मिटलं आणि फिरती चकती त्यात चिमटली गेली. मिनिटाला अकरा हजार फेरे घेणारी चकती अशी अडली की यंत्र गप्प बसत नाही, ते उसळतं, आणि उसळतं ते धरणाऱ्याच्या अंगावर. मशीननं झटका मारला, असं या धंद्यात म्हणतात. त्या झटक्यात चकती पाईपावर टेकलेल्या डाव्या मनगटावरून गेली आणि तिथून वर येऊन जबड्याला लागली. यंत्र हातातून सुटलं, पण बटण पुढे सरकवून अडकवलेलं, त्यामुळे ते फरशीवर पडूनही गरगरत राहिलं. प्लग बायकोनं ओढला. मनगटाला फडकं तिनंच आवळलं, समोरच्या टेम्पोवाल्याला हाक तिनंच मारली, आणि दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून तीच बसली.

दवाखान्यात त्याची थोरली बहीण आली. तिला सगळे ताई म्हणत आणि सगळे तिला थोडे वचकून असत. तिनं भावाकडे पाहिलं, डोळे पुसले आणि लगेच चौकशीला लागली. पाईप कुणी धरला होता, हा तिचा पहिला प्रश्न.

"मी," बायको म्हणाली. "मी उचलला."

झालं. त्या दोन शब्दांत निकाल लागला. ताईनं पुढच्या आठवडाभरात फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना कळवलं की हिनं पाईप उचलला म्हणून आपला भाऊ मरता मरता वाचला. वर असंही म्हणायची, की तिचा काही वाईट हेतू नव्हता हो, पण समजायला नको का माणसाला? हे 'पण' फार वाईट असतं. बायको ते सगळं खाली मान घालून ऐकून घ्यायची, आणि ताईनं विचारलं नाही तरी स्वतःहून म्हणायची, की हो, चूक माझीच.

तेव्हा भिंगरी पलंगावर पडलेला होता. जबड्याला टाके, बोलायची बंदी. त्याला हे सगळं ऐकू येत होतं आणि त्याला एक गोष्ट माहीत होती जी त्या खोलीत आणखी कुणालाच माहीत नव्हती.

ग्राइंडरच्या चकतीवर अर्धगोल पत्र्याचं एक झाकण येतं. त्याला गार्ड म्हणतात. चकती उसळली तर ती अंगाला लागण्याआधी गार्ड आडवा येतो. यंत्राच्या अंगाला डाव्या हातासाठी एक वेगळी मूठही येते. उजव्या हातानं यंत्र आणि डाव्या हातानं मूठ धरली की झटका बसला तरी यंत्र ताब्यात राहतं, आणि मुख्य म्हणजे डावा हात चकतीच्या वाटेत नसतो. भिंगरीनं हे यंत्र विकत आणलं त्याच दुपारी दोन्ही काढून टाकलं होतं. गार्डमुळे रेघ दिसत नाही आणि मूठ जाळीच्या कोपऱ्यात अडते, असं त्याचं म्हणणं. खरं कारण एवढंच, की गार्ड फिरवून बसवायला एक स्क्रू सैल करावा लागतो आणि तेवढा दम याला कुठला. त्या दिवशीही तो एका हातानं यंत्र आणि दुसऱ्या हातानं पाईप धरून, चकतीच्या अगदी समोर तोंड नेऊन वाकला होता. आणि टोक वर उचलायचं नाही, हे त्यानं बायकोला सांगितलंच नव्हतं. तिला ते माहीत असायचं कारणच काय? ती रंगारीण होती.

गार्ड आणि मूठ जागेवर असती, तर त्या दिवशी याचा खांदा हिसकला असता, यानं दोन शिव्या दिल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत फाटक उभं राहिलं असतं.

टाके दहाव्या दिवशी निघाले. तोंड मोकळं झालं. त्या दिवशी सांगतो म्हणाला, मग पट्टी बदलल्यावर सांगतो, मग ताई गेल्यावर सांगतो. असे नऊ आठवडे गेले. जन्मभर ज्याला एक क्षण थांबता आलं नाही तो माणूस एवढ्या एका बाबतीत मात्र अगदी निवांत थांबला होता. त्याला त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की तो उठून खिडकीपाशी जायचा.

बायको पहिल्या दिवसापासून शेडमध्ये जाताना दिसली नव्हती. मधलं दार तिनं ओढून घेतलं होतं आणि त्याला टेकून पिठाचा डबा ठेवला होता. तिचं वागणं तसं नेहमीसारखं, पण चहाचा पेला ती त्याच्या हातात द्यायची नाही. स्टुलावर ठेवायची आणि हात मागे घ्यायची. आधी त्याला वाटलं, रागावली असेल. मग एकदा त्यानं पाहिलं, की भाजीवाल्यानं पिशवी पुढे केली तरी ती म्हणाली, खाली ठेवा, घेते मी. कुणाच्याही हातातून ती काही घेत नव्हती आणि कुणाच्या हातात काही देत नव्हती.

मग मुलगी आली. दोन गावं पलीकडे दिलेली, सहा महिन्यांचं बाळ घेऊन बाबांना बघायला. दारातूनच तिनं बाळ आईपुढे केलं, जसं कुठलीही मुलगी करील. बायको दोन पावलं मागे सरली.

"नको गं. माझ्या हातात नको देऊस. माझ्या हातांचा भरवसा नाही."

मुलगी हसली, तिला थट्टा वाटली. मग तिनं आईचा चेहरा पाहिला आणि हसू तसंच राहिलं. बाळ दुपारभर पलंगावर, सतरंजीवर, मुलीच्या मांडीवर असं फिरलं. आजीनं त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याचे कपडे धुतले, ते झोपल्यावर त्याच्याकडे बघत बसली, पण उचललं नाही. निघताना मुलीनं बाबांना बाजूला घेतलं आणि विचारलं, आईला काय झालंय? याला उत्तर येत होतं. तरी तो म्हणाला, होईल नीट, धक्का बसलाय तिला. मुलीची गाडी वळणावर दिसेनाशी होण्याआधीच तो घरात येऊन येरझाऱ्या घालायला लागला.

त्या संध्याकाळी त्यानं जे ठरवलं ते ऐकून त्याची कीव करावी की त्याला बदडावं, समजत नाही. कबूल करायचं नाही, पण चूक मात्र दुरुस्त करून टाकायची, असं त्यानं ठरवलं. नवा गार्ड आणायचा, मूठ आणायची, ती बसवून बालवाडीचं फाटक पुरं करायचं. काम सुरू झालं की बायकोही आपोआप शेडमध्ये येईल, ब्रश हातात घेईल, सगळं पूर्ववत होईल, आणि कुणी काही विचारणार नाही. डाव्या हाताची मूठ मिटत नाही, तर तो हात कसा चालणार, हा विचार त्यानं पुढे ढकलला. विचार पुढे ढकलण्यात त्याची घाई कामाला यायची.

टेम्पोवाल्यानं अपघातानंतर शेडमधून आणून पलंगाखाली सारलेलं यंत्र पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी सकाळीच तो हार्डवेअरच्या दुकानात उभा राहिला. दुकानदार त्याला वीस वर्षं ओळखत होता. बाजूची मूठ लगेच मिळाली. गार्डसाठी दुकानदारानं तीन खोकी उपसली, एक बसवून पाहिला, दुसरा पाहिला आणि मान हलवली. हे मॉडेल जुनं, याची गार्ड बसायची मान बारीक, याला हे बसत नाही. दुसऱ्याच मशीनचा गार्ड ठोकून-पिटून बसवायला भिंगरी तयार होता, पण दुकानदारानं यंत्र त्याच्या हातातून काढून घेतलं.

"गार्ड मशीनबरोबरच आलेला असतो, भिंगरी. तुझा कुठं गेला?"

त्यानं ते अगदी साधेपणानं विचारलं. भिंगरी म्हणाला, असेल घरातच. दुकानदारानं त्याच्या हनुवटीकडे एकदा पाहिलं. निघताना फक्त एवढं सांगितलं, की नवं यंत्र घे नाहीतर तो शोध, पण बोडकं यंत्र सुरू करायचं असेल तर माझ्याकडून चकती नेऊ नकोस.

घरी येऊन त्यानं पिठाचा डबा सरकवला आणि शेडमध्ये शिरला. नऊ आठवड्यांनी. पाईप शिकंज्यात तसाच होता. अर्धवट कापलेलं टोक खाली वाकून लोंबत होतं आणि कापात चकतीचा नखाएवढा तुकडा अडकून बसला होता. फरशीवरचे काळपट डाग कुणीतरी घासून काढले होते. कुणी ते त्याला समजलं, म्हणजे ती एकदा तरी इथं आली होती. त्या तुकड्याकडे तो थोडा वेळ बघत राहिला आणि मग शोधाला लागला. भंगाराची पेटी उपसली. फळीवरचे डबे काढले. बाकाखाली उताणा होऊन पाहिलं. एका हातानं सगळं करायचं, त्यामुळे अर्ध्या वस्तू खाली पडायच्या आणि तो स्वतःवरच करवादायचा. यंत्राचं मूळ खोकं सापडलं, त्यात वापरायचं माहितीपत्रक सापडलं, तेही घडी न मोडलेलं. गार्ड नव्हता.

शेवटी तो कोपऱ्यात आला. तो कोपरा बायकोचा. फळीवर रंगाचे डबे ओळीनं, घासायचे कागद चवड लावून, आणि पुढे ब्रश ठेवायची तिची ताटली. अर्धगोल, उभ्या काठाची, रंगानं जाड झालेली. अकरा वर्षं ओला ब्रश ती या ताटलीवर टेकवायची. अपघाताच्या दिवशी ठेवलेला ब्रश अजून तिच्यावरच होता, हिरव्या रंगात चिकटून दगड झालेला. ही ताटली त्यानं हजारदा पाहिली होती.

त्यानं ती उचलली. ती चांगली जड होती. मग उलटी केली. खालच्या बाजूला, रंगाच्या थराखाली, एक गोल कडं आणि स्क्रूचा कान दिसत होता. मधल्या भोकावर तिनं पत्र्याचा तुकडा ठेवला होता आणि पुढे रंगानंच तो कायमचा बसवून टाकला होता.

तो मटकन् स्टुलावर बसला. भिंगरी बसला, हे सांगावं असंच आहे.

डबे पडल्याचे आवाज ऐकून बायको दारात आली होती. उंबऱ्याच्या आत तिनं पाऊल टाकलं नाही. तिथूनच म्हणाली, की ताटली कशाला काढलीत, ठेवा ती, मला लागत नाही आता. त्याला अजूनही हो म्हणून ती परत ठेवता आली असती. बायको आत गेली असती, यानं दुपारी ती हळूच लांबवली असती, खरवडून यंत्रावर चढवली असती, आणि बायकोनं विचारलंही नसतं. हे सगळं त्याच्या डोक्यातून एका क्षणात गेलं, त्याचं डोकं तसं चालायचंच जोरात. पण त्याला बाळासमोरून मागे सरलेले ते दोन हात आठवले.

"ही ताटली नाही," तो म्हणाला. "हा मशीनचा गार्ड आहे. मी पहिल्याच दिवशी काढून फेकला होता. हा असता तर मला काही झालं नसतं."

तिला ते लगेच समजलं नाही. मग त्यानं यंत्र आणलं आणि ताटली चकतीवर धरून दाखवली. चकती कुठून उसळते, गार्ड कुठं आडवा येतो, डावा हात कुठं असायला हवा होता, तोंड कुठं नसायला हवं होतं. एरवी अर्ध्या वाक्यात उठून जाणारा माणूस, पण आज सुरुवात झाली तसा थांबेचना. टोक उचलायचं नसतं हे तुला मी सांगायला हवं होतं, म्हणाला. तू उचललं म्हणून मशीननं झटका दिला हे खरं, पण झटका रोज कुठंतरी कुणालातरी बसतो आणि माणसं घरी येऊन जेवतात. मला लागलं ते माझ्या घाईनं लागलं.

ती ताटलीकडे बघत होती. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून."

"दवाखान्यात? ताई बोलत होत्या तेव्हा?"

तो हो म्हणाला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, याला ओरडण्याची सवय होती. ती नुसती वळली आणि आत गेली, आणि त्या दिवशी चहाचा पेला स्टुलावरही आला नाही. दुपारी त्यानं स्वतः चहा केला, तो उतू गेला. संध्याकाळी ती समोर येऊन बसली आणि सलग बोलली. नऊ आठवडे मी माझे हात बघत बसले, म्हणाली. भाकरी थापताना, कपडे पिळताना, याच हातांनी केलं असं वाटायचं. नातवाला घेतलं नाही मी. आणि तुम्ही पलंगावर बसून चेंडू दाबत होतात. सगळ्यांनी माझ्या डोक्यावर खापर फोडलं आणि तुम्ही मूग गिळून बसलात. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसतही नव्हती. त्यानं माफी मागितली, ती तिनं ऐकली आणि बाजूला ठेवली.

"ताईंना सांगा," ती म्हणाली. "मला काय सांगता? मी इथंच आहे. त्यांना सांगा."

ताईला सांगणं म्हणजे जबड्याला पुन्हा टाके घालून घेण्यासारखं होतं. तरी त्यानं फोन लावला आणि बायकोला ऐकू जाईल असा स्पीकर सुरू केला. ताईनं पहिल्यांदा त्याचं म्हणणं उडवूनच लावलं. बायकोला पाठीशी घालतोयस, म्हणाली. त्यानं तिला गार्डचं सांगितलं, मुठीचं सांगितलं, आणि तू ज्यांना ज्यांना फोन केलेस त्यांना पुन्हा फोन कर नाहीतर मी करतो, असंही सांगितलं. ताईनं गार्डचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, की इतके दिवस तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? टाके होते, असं म्हणायला तो गेला आणि थांबला. मी भित्रा आहे, म्हणाला. पलीकडून ताईचा सुस्कारा ऐकू आला. तिनं भावजयीला फोन द्यायला सांगितलं. बायको म्हणाली, उद्या बोलेन.

पुढचे दोन दिवस घरात फार कमी बोलणं झालं. भिंगरी शेडमध्ये बसून गार्ड खरवडत होता. एका हातानं खरवडायचं आणि गार्ड पायाखाली दाबून धरायचा. तो सारखा निसटायचा, शेडभर फिरायचा आणि हा त्याच्यामागे. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोला तो खणखणाट असह्य झाला असावा. ती उंबरा ओलांडून आली, गार्ड त्याच्या पायाखालून काढला, थिनरचं फडकं घेतलं आणि खरवडायला बसली. हिरवा थर बालवाडीचा. त्याखाली काळा, दवाखान्याच्या कठड्याचा. मग निळा, मग एका हौशी गिऱ्हाइकाचा सोनेरी, आणि प्रत्येकाखाली गंज धरू नये म्हणून लावायचा तांबडा. एकेक थर निघताना ती फाटकाची नावं घेत होती. त्याला एकही आठवत नव्हतं. सगळ्यांत खालचा पत्रा नवाकोरा निघाला.

गार्ड बसला. स्क्रू आवळला. नवी मूठ डाव्या बाजूला लागली. जुनी चकती फेकून नवी चढवली. आणि मग भिंगरीनं सवयीनं यंत्र उचललं, डावा हात मुठीवर नेला, आणि बोटं मुठीभोवती वळून अर्ध्यावरच थांबली. त्यानं पुन्हा दाबली. ती तिथंच थांबली. चालेल एवढ्यानं, तो म्हणाला, उजव्यात जोर आहे माझ्या. बायकोनं जाऊन प्लग काढला.

"दोन हात लागतात ना?" ती म्हणाली. "माझ्याकडे आहेत."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. केस तिनं आधीच घट्ट बांधले होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या आणि भिंतीवरचा चामड्याचा एप्रन उतरवून घेतला होता. एक मन म्हणालं, हे काय भलतंच. दुसरं म्हणालं, तू म्हणशील आणि ती ऐकेल, ते दिवस गेले. त्यानं तिला ठिणग्यांपासून चेहरा झाकायची, इतके दिवस खिळ्यावरच लटकलेली काच चढवायला दिली. ती त्याच्या हातातून तिनं घेतली, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं.

मग त्यानं शिकवलं. शिकवताना तो इतका सावकाश बोलला, की हा तोच माणूस का असं वाटावं. आधी रद्दीच्या पाईपावर. दोन्ही हात घट्ट. गार्ड तुझ्या बाजूला. चकतीच्या समोर उभं राहायचं नाही, एका अंगाला. चकती पूर्ण वेगात आल्यावरच टेकवायची. दाबायचं नाही, तिला तिचं काम करू द्यायचं. वाकडी करायची नाही. बंद केल्यावर थांबेपर्यंत खाली ठेवायची नाही. ती प्रत्येक गोष्ट एकदा करून दाखवायची आणि मगच पुढचं ऐकायची. याचा जीव नुसता टांगणीला लागला होता. दर वेळी यंत्र घुमायला लागलं की याच्या पट्टीतल्या मनगटात कळ यायची. चार तुकडे झाले. पाचवा सरळ आला. ती म्हणाली, आता तो.

तो पाईप म्हणजे शिकंज्यातला. त्यानं कापात अडकलेला चकतीचा तुकडा पक्कडीनं काढला, पाईप उलटा करून आवळला आणि नव्या जागी खडूची रेघ मारली. फरशीवर टोक पडेल तिथं गोणपाटाची चांगली जाड घडी टाकली. हे त्या दिवशीही टाकता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. टोक कुणी धरायचं नाही, तो म्हणाला. पडू दे. मग तो टोकापासून चार पावलं लांब, बाजूला, दुसरी काच लावून उभा राहिला.

तिनं बटण सरकवलं. आवाज चढला आणि स्थिर झाला. चकती रेघेवर उतरली, ठिणग्यांचा झोत गार्डखालून फरशीकडे गेला. वरची बाजू कापली. एक अंग कापलं. तो हलला नाही. आयुष्यात त्यानं कधी इतकं जड काम केलं नव्हतं. दुसरं अंग कापत आलं, आणि टोक खाली झुकायला लागलं.

टोक गोणपाटावर पडलं, धप्प. कापाचं तोंड उघडं राहिलं, चकती मोकळी फिरत बाहेर आली, यंत्र तिच्या दोन्ही हातांत जसंच्या तसं होतं. तिनं ते बंद केलं, चकती थांबेपर्यंत धरून ठेवलं आणि मगच बाकावर ठेवलं. काच वर केली. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं.

तो चार पावलं लांब नव्हता. कधी पुढे आला त्यालाच समजलं नव्हतं. वाकून उभा होता, आणि त्याचा उजवा हात, पंजा वर करून, पुढे आला होता, मघाशी पाईपाचं टोक होतं बरोबर त्या दिशेला, पण दीड हात अलीकडे. वर उचलायला.

"गेला ना हात?" तिनं विचारलं.

"गेला," तो म्हणाला. "आपोआप गेला."

तिनं मान हलवली. एप्रन काढून खिळ्याला अडकवला, हात धुतले आणि धुतलेले हात थोडा वेळ तसेच समोर धरून पाहिले. मग पाईपाच्या ताज्या कापाजवळ जाऊन तिनं कडेवर नखानं टकटक केलं.

"पोरीला फोन लावा," ती म्हणाली. "म्हणावं, रविवारी बाळाला घेऊन ये. मी घेते त्याला."